कोम्बू

आमच्या गोदामाची पायरी अकराला उन्हात येते,
तेव्हापासून कुमागाई तिच्यावर उभे.
आत येत नाहीत, परतही जात नाहीत.
हातात पिशवी, पिशवीत मुलासाठी मोजे.
होक्काइदोच्या या टोकाला जुलैतही मोजे लागतात, हे खरं,
पण दर शनिवारी?

आत आम्ही नऊजण. कात्रीने कोम्बू कापतो,
समुद्रातली ही पानं, वीतभर रुंद, दोन पुरुष लांब,
वाळली की चामड्यासारखी.
पुडे भरतो, वजन करतो, बोलतो.
वजन माझ्याकडे. बाटली सुटल्यापासून
मला आकड्यांचा आधार वाटतो:
शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम.

इथे डॉक्टरांनी दिलेलं आजाराचं नाव चालत नाही,
ज्याचं त्याने ठेवायचं, बारसं केल्यासारखं.
शिझुएबाईंचा: रात्री तीनला कपाट आवरण्याचा आजार.
माझा: एकच घोट, शपथ.
तेप्पेईचा फळ्यावर दोन ओळी खातो:
आवाजांना हो हो म्हणत
शेवटी उपाशी राहण्याचा, प्रकार दुसरा.
पहिला प्रकार कुठला विचारलं, तर म्हणतो,
तो वाटणीत वडिलांकडे गेला.

"आज काय म्हणतात तुझे लोक?"
लोक म्हणजे ते, कानातले.
"म्हणतात, बर्फावर जाऊन झोप."
"जुलैत बर्फ आणायचा कुठून? विचार की त्यांना."
तो खरंच विचारतो, मान तिरकी करून.
मग हसतो. "गप्प बसले."
त्या हसण्यावर आमचा एक दिवस निघतो.

सगळे दिवस निघत नाहीत.
मार्चमध्ये शोजी गेला.
त्याची ओळ फळ्यावरून कुणी पुसली नाही,
कुणी वाचतही नाही,
आम्ही तिच्या कडेकडेने लिहितो.

कुमागाई खेकड्यांच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे.
गावात म्हणत, इंजिन ठणठणीत, माणूसच गळका.
मुलाच्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घातली होती,
सात महिने.
हे तेप्पेईने नाही सांगितलं. त्यांनीच सांगितलं,
पायरीवर, मी न विचारता,
माझ्याकडे न बघता.
मी म्हटलं, आत खुर्ची आहे.
ते म्हणाले, तेवढे मोजे द्या त्याला.

त्या शनिवारी मोजे घ्यायला मी बाहेर गेले
आणि समुद्राकडे बघितलं:
धुकं. पांढरं, मुळीच घाई नसलेलं.
किनाऱ्यावरच्या गोट्यांवर आठवड्याचा कोम्बू पसरलेला.
भिजला की मातीमोल.
कात्र्या टाकून सगळे धावलो,
शिझुएबाई एकाच चपलेवर.
लांब पान एकट्याने उचललं तर मोडतं,
दोन टोकांना दोघं लागतात.
नऊ ही विषम संख्या. शोजी असता तर दहा.
तेप्पेई एक टोक धरून उभा राहिला,
नुसताच, कुणाला हाकही न मारता.

दुसरं टोक कुमागाईंनी धरलं,
पिशवी मनगटाला तशीच लोंबत.
बापलेक बोलले नाहीत. "उचल" नाही, "जपून" नाही.
चाळीस फेऱ्या. मी मोजल्या, सवयीने.
शेवटच्या चारपाच तर दिसल्याच नाहीत मला,
धुक्यात फक्त गोट्यांचा आवाज, जाणारा आणि येणारा,
त्यावरून मोजल्या.

मग चहा. कुमागाई दारातच थांबले,
पण दाराच्या आतल्या बाजूला.
शिझुएबाईंनी खडू पुढे केला. "नाव?"
बराच वेळ गेला. चहा निवला.
मग त्यांनी लिहिलं: पायरी.
एवढंच.
तेप्पेई फळ्याकडे बघत राहिला, मान तिरकी.
"माझे लोक म्हणतात, अक्षर चुकलंय."
कुमागाईंनी बाहीने पुसलं, परत लिहिलं.
तेही चुकलं.
कुणी तरी फसकन हसलं, बहुतेक मीच.

मोजे त्या दिवशी द्यायचे राहून गेले.